ज्वारीचे माहेर



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, किंवा फार तर निजामी राजवटीतील मराठी शिक्षणाच्या परवडीवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मी जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता माझ्या अधिकाराबाहेरचा आहे. आफ्रिका खंडातील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या ताटात पोटभर आणि सकस अन्न पडावे, यासाठी गेल्या पन्नास वर्षांत जे कृषिसंशोधन झाले त्यातला एक अध्याय मी आपल्यापुढे मांडणार आहे. आणि तोही प्रामुख्याने एकाच धान्याच्या आधाराने. ते धान्य म्हणजे ज्वारी.

या विषयाकडे मला खेचून नेणारी कारणे तीन आहेत. पहिले असे की, जिला आपण मराठी माणसाची भाकरी म्हणून अभिमानाने मिरवतो, तिचे धान्य मुळात आफ्रिकेचे आहे. दुसरे, या धान्याच्या संशोधनाचे जगातील एक प्रमुख केंद्र आपल्या हैदराबाद शहराच्या वेशीवर, पाटणचेरूला, १९७२ सालापासून उभे आहे. आपल्यापैकी अनेकांनी सोलापूर रस्त्याने जाताना त्याची पाटी पाहिली असेल. आणि तिसरे कारण माझ्या व्यवसायाचे. या इतिहासाचे वाचन करताना मला जागोजागी भेटत गेली ती नावे. शेतकऱ्यांनी वाणांना दिलेली नावे आणि प्रयोगशाळेने त्याच वाणांना दिलेले क्रमांक. नाव आणि क्रमांक यांच्यामधल्या अंतरात या संशोधनाचे यश आणि अपयश दोन्ही दडलेले आहे, असे माझे मत बनले आहे. ते मत तपासून पाहण्यासाठीच मी आज उभा आहे.

१

प्रथम माहेराची ओळख करून घेऊ. पूर्व सुदानात कसाला नावाचे शहर आहे. त्या परिसरातील एका प्राचीन वसाहतीत सापडलेल्या खापरांवर ज्वारीच्या भुशाचे ठसे आढळले. मडके घडवताना मातीत भुसा मिसळत, तो भाजताना जळून जाई, परंतु त्याचा ठसा मात्र राही. त्या ठशांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि ज्वारी माणसाळण्याची प्रक्रिया तेथे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातच सुरू झाली होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर, आजच्या मालीच्या बाजूला आहे. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातली. आपली चवळीही तिकडचीच. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ही धान्ये अरबी समुद्र ओलांडून भारतात येऊ लागली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली की आपण त्यांचे परकेपण साफ विसरून गेलो. 'यव' या धान्यवाचक शब्दाशी नाते सांगणारा 'यावनाल' हा शब्द संस्कृताने ज्वारीसाठी वापरला. आपला जोंधळा त्याच कुळातला मानला जातो. लेक सासरी इतकी रमली की तिचे माहेरचे नावही मागे पडले, असा हा प्रकार आहे.

माहेरी मात्र ज्वारीचा संसार सुखाचा नव्हता. मका, गहू, भात यांवर जगभर संशोधन होत असताना गरिबाच्या भरड धान्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसे कोणी पाहिले नाही. वसाहतींच्या सरकारांना कापूस, भुईमूग, कॉफी हवी होती. शेतकरी स्वतः काय खातो ही त्यांच्या लेखी गौण बाब होती. विशेष म्हणजे ज्वारीच्या जगभरच्या वाणांचा पहिला मोठा संग्रह एकत्र झाला तो आपल्या देशात, रॉकफेलर फाउंडेशनच्या सहभागाने, १९६०च्या दशकात. १९७४ पासून त्या संग्रहाची जबाबदारी पाटणचेरूच्या संस्थेकडे येऊ लागली. आज तेथील शीतगृहात ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक आहे.

२

आता १९७३ सालाकडे येऊ. त्या वर्षी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात रामेश्वर सिंह आणि जॉन अ‍ॅक्सटेल या दोघा शास्त्रज्ञांनी एक शोध जाहीर केला. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा अत्यावश्यक घटक फार थोडा असतो, त्यामुळे केवळ ज्वारीवर वाढणाऱ्या मुलांची वाढ खुंटते. जगभरचे सुमारे नऊ हजार वाण तपासल्यावर दोन वाण असे सापडले की ज्यांत प्रथिनेही अधिक आणि त्या प्रथिनात लायसीनही बरेच अधिक. दोन्ही वाण इथिओपियातील वोलो प्रांताचे होते. नोंदवहीत त्यांना क्रमांक होते ११,१६७ आणि ११,७५८.

पण वोलोच्या शेतकऱ्यांना हे वाण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते त्यांना नावाने ओळखत. एका वाणाचे नाव 'वेतेत बेगुंचे', म्हणजे 'तोंडात दूध'. दुसऱ्याचे 'मार्चुके', म्हणजे 'जिच्यातून मध ओघळतो ती'. शेतकरी ही ज्वारी दुसऱ्या ज्वारीत मिसळून थोडीशी पेरत आणि दाणे दुधाळ असतानाच कणसे भाजून खात. श्रोतेहो, हा हुरडाच नव्हे काय? आपल्याकडेही हुरड्याची ज्वारी वेगळी राखतात आणि 'गूळभेंडी' या नावात तिच्या चवीची ग्वाही देऊन ठेवतात. इकडे गूळ, तिकडे दूध आणि मध. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याजवळ लायसीन मोजण्याचे साधन नव्हते. परंतु कोणते कणीस मुलाच्या हाती द्यावे याचे ज्ञान होते. माझ्या दृष्टीने 'तोंडात दूध' हे नाव म्हणजे त्या वाणावरचा पहिला शोधनिबंध आहे.

आता याच वर्षाची दुसरी बाजू पाहा. १९७३ साली वोलो प्रांतच भीषण दुष्काळात सापडला होता. हजारो माणसे रस्त्याच्या कडेने अन्न मागत बसली आणि तेथेच मेली. राजदरबाराने ही वार्ता दडवण्याचा प्रयत्न केला, आणि पुढच्या वर्षी सम्राट हेले सेलासी यांची राजवट कोसळली तिला हे एक मोठे कारण घडले. ज्या मातीतून जगातील सर्वांत सकस ज्वारी प्रयोगशाळेत पोहोचली, त्याच मातीतली माणसे अन्नावाचून मेली. आणि हे दोन्ही एकाच वर्षी. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाची चिकित्सा केली आहे. संपूर्ण इथिओपियात त्या वर्षी धान्य फार घटले होते असे नव्हे, वोलोतल्या बाजारातही भाव गगनाला भिडले नव्हते. पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या आणि जनावरे गमावलेल्या पशुपालकाच्या हाती धान्य विकत घेण्याची ऐपतच उरली नव्हती, असे त्यांनी दाखवून दिले. बियाण्याच्या संशोधनाची मर्यादा पहिल्याच पायरीवर लक्षात ठेवावी म्हणून मी हे सांगतो. उत्तम बी ही आवश्यक गोष्ट आहे, पुरेशी नव्हे.

३

त्या लायसीनयुक्त ज्वारीचे पुढे काय झाले? अपेक्षा मोठी होती. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६८ सालीच येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला होता आणि प्रथिनांची तूट भरून काढणे हा त्या काळच्या पोषणशास्त्राचा परवलीचा शब्द होता. परंतु त्या ज्वारीचे दाणे सुरकुतलेले, मऊ आणि वजनाला हलके, उत्पन्न कमी. शास्त्रज्ञांनी तिला मुख्य पीक करू पाहिले आणि शेतकऱ्यांनी ते मानले नाही. वोलोतल्या माणसांनी तिला शेतात जेवढी जागा दिली होती, तेवढीच तिची योग्य जागा होती. 'तोंडात दूध' हे नाव वाचले असते तर ते कळले असते; क्रमांक ११,७५८ वाचून ते कळणे शक्य नव्हते.

प्रथिनसंकटाच्या सिद्धान्तावरही तोवर प्रश्नचिन्हे उभी राहिली होती, आणि ती उभी करणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली आणि नंतर पुण्यात येऊन संशोधन चालू ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला पोटभर भाकरी-डाळ मिळते त्याला प्रथिने बहुधा पुरेशी मिळतात; ज्याला पोटभर मिळत नाही त्याचे शरीर प्रथिनेही इंधनासारखी जाळून टाकते. म्हणून रोगाचे मूळ प्रथिनांच्या तुटीत नसून उपासमारीत आहे. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिनपुराणाचा पंचनामाच केला. सुखात्म्यांच्या पुढील काही प्रतिपादनांवर, विशेषतः शरीर कमी अन्नाशी कितपत जुळवून घेते यासंबंधीच्या मतांवर, तीव्र वाद झाले, तेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि गरिबाच्या ताटाकडे एकेका घटकाच्या हिशेबाने न पाहता संपूर्ण ताट म्हणून पाहा, हा त्यांचा आग्रह मोलाचा होता.

याच सुमारास स्वयंपाकघराने प्रयोगशाळेला दिलेला एक धडा सांगण्याजोगा आहे. पेरू देशात कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना ज्वारीच्या पिठाची शिजवलेली लापशी देऊन पाहिली, तेव्हा त्यातली निम्म्याहून कमी प्रथिने त्यांच्या अंगी लागतात असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ज्वारी नुसती पाण्यात शिजवली की तिची प्रथिने पचायला अधिकच जड होतात. मग सुदानातली बाळे या ज्वारीवर वाढली कशी? उत्तर सुदानी आयांजवळ होते. त्या बाळासाठी 'नाशा' नावाची पेज करतात आणि त्यासाठी पीठ आधी आंबवतात. १९८६ साली याच नाशाची त्याच पद्धतीने परीक्षा झाली, तेव्हा पचनीयता बरीच वाढलेली दिसली. आपल्या घरी ताकात पीठ आंबवून आंबील करणाऱ्या आजीला या निष्कर्षाचे नवल वाटले नसते.

धान्याचे पोषण वाढवण्याची कल्पनाच चुकीची होती, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मक्याच्या बाबतीत मेक्सिकोतील संशोधनसंस्थेत सुरिंदर वासल हे भारतीय आणि एव्हांजेलिना व्हिएगास या मेक्सिकन शास्त्रज्ञ या दोघांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली. लायसीनयुक्त मक्याचा दाणा मऊ असतो हा दोष निवडीनिवडीने घालवून त्यांनी तो टणक केला. त्या कामातून घानामध्ये १९९२ साली जो वाण निघाला त्याला नाव मिळाले 'ओबाटान्पा'. ट्वी भाषेत त्याचा अर्थ 'लेकराला अंगावर पाजणारी चांगली आई'. हा वाण उत्पन्नातही सरस असल्यामुळे शेतकऱ्यांनी तो उचलला आणि घानाबाहेरही तो पोहोचला. येथे नाव आधी आले आणि क्रमांक मागे राहिला.

४

आता ज्वारीच्या इतिहासातील मध्यवर्ती व्यक्तीकडे वळतो. गेबिसा एजेटा यांचा जन्म १९५० साली मध्य इथिओपियातील एका खेड्यात, गवताने शाकारलेल्या एका खोलीच्या झोपडीत झाला. मुलाने शिकलेच पाहिजे हा आईचा निर्धार होता. शाळा वीस किलोमीटर दूर. दर रविवारी संध्याकाळी हा मुलगा पायी निघे, आठवडाभर तिकडे राही आणि शुक्रवारी पुन्हा पायी घरी येई. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला विशेष बरे वाटते. आमच्या पिढीतील मराठवाड्याच्या अनेकांनी अशीच पायपीट केली आहे आणि त्यातली काही माणसे या सभागृहात आहेत.

जिम्मा येथील कृषिशाळा, अलेमाया येथील कृषिमहाविद्यालय अशी वाट चालत एजेटा १९७३ साली पदवीधर झाले. इथिओपियात ज्वारीचे वाण गोळा करण्यासाठी आलेल्या अ‍ॅक्सटेल यांना त्यांनी साहाय्य केले, त्यातून पर्ड्यू विद्यापीठाची दारे उघडली आणि डॉक्टरेट मिळवून १९७९ साली ते पाटणचेरूच्या संस्थेतर्फे सुदानात संशोधनासाठी रुजू झाले. चारच वर्षांत, १९८३ साली, त्यांचा 'हगीन दुरा-१' हा वाण प्रसारित झाला. आफ्रिकेतील ज्वारीचा हा पहिला व्यापारी संकरित वाण. 'दुरा' म्हणजे अरबीत ज्वारी आणि 'हगीन' म्हणजे मिश्रकुळी.

ज्वारीचा संकर करणे सोपे नसते. तिच्या इवल्याशा फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकत्र असतात. हजारो फुलांतून एकेक पुंकेसर खुडणे व्यवहारात अशक्य. १९५४ साली टेक्सासमध्ये नरवंध्य ज्वारी तयार झाली आणि ही अडचण सुटली. त्याच तंत्राने आपल्याकडे १९६४ साली 'सीएसएच-१' हा पहिला संकरित वाण आला. हगीन दुराची मादी बाजूही टेक्सासची होती. परंतु त्या टेक्सासच्या वाणाच्या अंगात इथिओपियाच्या 'झेराझेरा' ज्वारीचे रक्त होते. म्हणजे आफ्रिकेची ज्वारी अमेरिकेत गेली, तिथले शिक्षण घेऊन एका आफ्रिकी शास्त्रज्ञाच्या हातून परत सुदानात आली. त्याच मादी कुळाची संपूर्ण जनुकीय संहिता २००९ साली वाचली गेली, आणि त्याच वर्षी एजेटा यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हा वाण अवर्षणात तग धरी. १९८४-८५च्या भयानक दुष्काळाच्या तोंडावर तो हाती आला होता. पारंपरिक वाणांच्या दुपटीहून अधिक उत्पन्न त्याने दिले आणि पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या नोंदीनुसार १९९९ पर्यंत सुदानात दहा लाख एकरांवर त्याची कापणी होऊ लागली. पण संकरित बियाणे दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. पाटाचे पाणी आणि बियाण्याची सोय जेथे आहे तेथे ते चालते. कोरडवाहू तुकड्यावर घरचे बी राखून पेरणाऱ्याला ते परवडत नाही. त्या शेतकऱ्याचा खरा वैरी तर वेगळाच होता.

५

तो वैरी म्हणजे स्ट्रायगा. आपल्याकडे शेतकरी याला टारफुला म्हणतात. इंग्रजी मुलखातले शेतकरी याला चेटकिणीचे तण म्हणतात. दिसायला हे नाजूक फुलाचे रोप आहे. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एका रोपाला अशी हजारो बिया येतात आणि त्या मातीत दहा-पंधरा वर्षे वाट पाहत पडून राहतात. शेजारी ज्वारीचे मूळ आल्याची चाहूल लागली तरच त्या उगवतात, मुळाला तोंड लावतात आणि आतला रस शोषू लागतात. तण जमिनीवर दिसते तोवर पिकाचे नुकसान होऊन चुकलेले असते. मग खुरपून काय उपयोग? जमीन जितकी गरीब तितका हा चोर जोरावर. म्हणजे ज्याच्याजवळ खत नाही, पडीक ठेवायला दुसरे शेत नाही, त्याचीच ज्वारी हा खातो.

चाहूल लागते ती कशी? ज्वारीचे मूळ मातीत काही रसायने सोडते. त्यांतले पहिले १९६६ साली कापसाच्या मुळातून मिळाले होते. परंतु वनस्पती आपल्याच वैऱ्याला हाक का मारते, हे कोडे सुटायला २००५ साल उजाडावे लागले. ती हाक वैऱ्यासाठी नसतेच. मातीत काही उपकारक बुरश्या असतात. त्या मुळाशी सोयरीक करून त्याला स्फुरद पुरवतात. हाक त्या मित्रांसाठी असते. टारफुला ती चोरून ऐकतो.

एजेटा १९८४ साली पर्ड्यूमध्ये प्राध्यापक झाले आणि लॅरी बटलर या जीवरसायनतज्ज्ञाबरोबर त्यांनी हे कोडे शेतकऱ्याच्या बाजूने सोडवायला घेतले. त्यांची परीक्षा साधी होती. काचेच्या पसरट बशीत अगरचा थर घ्यायचा, त्यात टारफुल्याचे बी मिसळायचे, मध्ये ज्वारीचे रोप लावायचे आणि मुळापासून किती अंतरावरचे बी उगवते ते मोजायचे. ज्या ज्वारीची हाक दूरवर जात नाही, ती निवडायची. अशा निवडीतून आणि संकरातून टारफुल्याला दाद न देणारे वाण तयार झाले. १९९४ साली त्यांचे आठ टन बियाणे सेवाभावी संस्थांच्या मदतीने आफ्रिकेतील बारा देशांत पोहोचले. इथिओपियात 'गोबिये' आणि 'अबशिर' या नावांनी ते प्रसारित झाले. टांझानियात एका वाणाला 'हकिका' हे नाव मिळाले. हा स्वाहिली शब्द आपल्या 'हकिकत'चा सख्खा भाऊ; दोघांचेही मूळ अरबी. हे वाण संकरित नव्हते. शेतकरी आपल्याच शेतातले बी पुन्हा पेरू शकत होता. केवळ बियाण्यावर विसंबू नका, खत आणि पाणी धरून ठेवणारे वाफे यांचीही जोड द्या, असा २००२ नंतरच्या इथिओपियातील कार्यक्रमाचा आग्रह होता.

या वाणांची किमया नेमकी कशात आहे हे २०१७ साली उलगडले, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते वाचून आनंद झाल्याशिवाय राहत नाही. ही ज्वारी मुकी झालेली नाही. एका जनुकातील फरकामुळे ती थोडे वेगळे रसायन सोडते. तिची हाक तीच, बोली तेवढी बदलली. मित्र बुरशीला ती बोली कळते. चोराला ती नीटशी कळत नाही.

केनियात याच वैऱ्यावर दुसरा उपाय निघाला तोही सांगितला पाहिजे. झेयाउर खान या भारतीय वंशाच्या कीटकशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील सहकाऱ्यांबरोबर मक्यातील खोडकिडीवर काम करताना ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावली. किडीला ती पिटाळतेच. पण तिच्या शेजारी टारफुलाही वाढेना. तिच्या मुळांतील रसायने टारफुल्याला पिकाच्या मुळाशी चिकटू देत नाहीत. शिवाय ती जमिनीत नत्र भरते आणि दुभत्या जनावराला चारा देते. बांधावर किडीला भुलवणारे हत्तीगवत लावायचे, ओळींत डेस्मोडियम. विकतच्या औषधांवाचून चालणारी ही युक्ती हजारो कुटुंबांनी स्वीकारली आहे.

६

हे सारे दूरदेशीचे, आपल्याला त्याचे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल तर बाजरीची एक गोष्ट सांगतो. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात 'इनियादी' नावाची टपोऱ्या दाण्याची बाजरी पिकते. तिच्यातून निवड करून पाटणचेरूच्या संस्थेने एक वाण तयार केला. तो १९८८ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. या वाणात लोहाचे प्रमाण मुळातच चांगले होते. त्यातून आणखी निवड करून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने 'धनशक्ती' हा लोहयुक्त वाण निघाला आणि २०१२ साली तो प्रथम महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांकडे गेला. तत्पूर्वीच तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात बारा ते सोळा वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना काही महिने लोहयुक्त किंवा साध्या बाजरीची भाकरी देऊन अभ्यास झाला होता. लोहयुक्त भाकरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत सुधारलेला दिसला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टोगोच्या अनाम शेतकरी स्त्री-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या दाण्याचे ऋण असे आपल्या मुलांच्या रक्तापर्यंत येऊन पोहोचले आहे.

हे ऋण ज्यांनी जपले त्यांत मेलाकू वोरेडे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. अदिस अबाबा येथील वनस्पती-जनुकसंपदा केंद्राची धुरा त्यांनी १९७९ पासून सांभाळली. दुष्काळात माणूस पेरणीचे बीही मोडून खातो, आणि एकदा ते खाल्ले की हजारो वर्षांचा वाण एका हंगामात संपतो. १९८०च्या दशकातील दुष्काळात त्यांनी गावोगाव फिरून वाण गोळा करवले आणि परिस्थिती सुधारताच ते शेतकऱ्यांच्याच शेतात पुन्हा पेरते केले. बी शीतगृहात जगते, पण वाढते ते शेतात, अशी त्यांची भूमिका होती. १९८९ साली त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला.

आता या इतिहासाचा अगदी अलीकडचा भाग. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी युद्ध पेटले. जेथे देशाच्या कृषिसंशोधनाचे मुख्य ठाणे आणि राष्ट्रीय बीजपेढी आहे, ते वाद मदनी शहर डिसेंबर २०२३ मध्ये निमलष्करी दलाच्या ताब्यात गेले आणि बीजपेढीची लूट व नासधूस झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधील झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. ज्या देशात ज्वारी जन्मली, त्या देशात माणसे भाकरीवाचून मरू लागली. वोलोची कथा पन्नास वर्षांनी शेजारच्या देशात पुन्हा घडली, आणि यावेळीही कारण बियाण्यात नव्हते. तशाही स्थितीत सुदानी शास्त्रज्ञांनी वाचलेले वाण गोळा केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतल्या ज्वारीचे काही नमुने उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्डच्या बीजभांडारात सुरक्षित पोहोचवले. सुदानच्या ज्वारीचे पूर्वी जमा केलेले नमुने आपल्या शेजारी पाटणचेरूलाही आहेत. या संस्थेने यापूर्वी इथिओपिया, केनिया, सोमालिया, नायजेरिया अशा देशांना त्यांचे वाण परत पाठवले आहेत. माहेरची ठेव सासरी सांभाळून ठेवली आहे. मागणी येईल त्या दिवशी ती परत करायची आहे.

प्रारंभी म्हटलेले मत आता पुन्हा तपासून पाहतो. क्रमांकावाचून शास्त्र चालत नाही, हे मला मान्य आहे. चाळीस हजार वाणांचा हिशेब नुसत्या नावांनी राहणार नाही. परंतु जेथे संशोधकाने नावामागचे ज्ञान जाणून घेतले, पेरणारा कोण, खाणारा कोण, बी राखणारा कोण हे विचारले, तेथे काम तडीस गेले. जेथे विचारले नाही तेथे ते प्रयोगशाळेतच राहिले. ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमतो, त्यांनी हजेरीपटावरचे क्रमांक कधी पुकारले नाहीत असे नव्हे. पण कोणत्या मुलाने घरून डबा आणला नाही हे ते क्रमांकावरून ओळखत नसत.

माझी या शाळेला एक विनंती आहे. पाटणचेरू येथून फार दूर नाही. दरवर्षी एका इयत्तेची सहल तेथे न्यावी, आणि जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांना विचारून ज्वारी-बाजरीच्या जुन्या वाणांची आणि त्यांच्या पदार्थांची नावे वहीत लिहून आणावीत. ती नावे ठाऊक असलेली पिढी आता थोडीच उरली आहे. मी तिच्यातलाच एक आहे, म्हणून ही घाई.